ग्लेझ भट्टीत पुन्हा पुन्हा सरकतंय? आधी भट्टीबाहेर शोधा

भट्टी गार झाली, झाकण उघडलं, आणि वाडग्याच्या आत बुडाशी नखाएवढी माती उघडी पडलेली. भोवती ग्लेझची, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाची, जाड, गोलसर कड. त्याच बादलीत बुडवलेला, त्याच शेल्फवर ठेवलेला शेजारचा वाडगा मात्र निर्दोष. पुढच्या भट्टीत पुन्हा तेच, फक्त भांडं दुसरं. याला क्रॉलिंग म्हणतात. नव्याने ग्लेझिंग शिकणाऱ्याला सगळ्यात जास्त छळणारा दोष हाच, असं माझं मत आहे. कधी येतो, कधी येत नाही, म्हणून तो नशिबावर ढकलला जातो आणि वर्षानुवर्षं तसाच राहतो.

पहिला संशय भट्टीवर जातो. मग तापमान वाढवून बघतात, कोन (भट्टीतली उष्णता मोजायची पायरी) बदलतात, भट्टी हळू चालवतात. यातून क्वचितच काही हाती लागतं, कारण क्रॉलिंग दोन टप्प्यांत घडतं आणि त्यातला पहिला टप्पा बहुतेक वेळा भट्टीबाहेरच पार पडलेला असतो. सुकताना ग्लेझच्या थराला बारीक चीर जाते, किंवा थराची मातीवरची पकड सुटते. पुढे भट्टीत ग्लेझ वितळतं तेव्हा त्याचा पृष्ठताण कामाला लागतो. अळवाच्या पानावर पाणी पसरण्याऐवजी गोळा होतं, तसं वितळलेलं ग्लेझ चिरेच्या दोन्ही कडांपासून मागे हटतं आणि मधली माती उघडी पडते. थर अखंड असेल आणि मातीला घट्ट धरून असेल, तर बहुतेक ग्लेझ वितळूनही जागा सोडत नाहीत.

पुढे जाण्याआधी एक खात्री करून घ्या. तुमच्या भांड्यावर ग्लेझ सलग आहे, पण त्यात केसासारख्या रेघांचं जाळं दिसतंय का? ते क्रेझिंग. तिथे ग्लेझ गार होताना मातीपेक्षा जास्त आकसतं. त्यावर रेसिपीत सिलिका वाढवणं, सोडियम-पोटॅशियम कमी करणं असे उपाय असतात. टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतील तर ती पिनहोल. मातीतून निघणाऱ्या वायूंमुळे ती पडतात, आणि बिस्क, म्हणजे ग्लेझ लावण्याआधी एकदा भाजलेलं भांडं, हळू व पुरेसं भाजणं हा तिथला पहिला उपाय. खाली जे लिहिलंय ते या दोन्हींसाठी नाही. सरकलेल्या ग्लेझची ओळख म्हणजे उघडी माती आणि तिच्याभोवती फुगीर कड. या कडेवरून बोट फिरवू नका, काही वेळा ती काचेच्या तुकड्याइतकी धारदार असते.

डाग कुठे पडलाय ते बघा

क्रॉलिंगचं कारण शोधायला सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे उघड्या डागाची जागा आणि त्याचा आकार. सरकलेली भांडी लगेच फेकू नका. सगळी एका रांगेत मांडा आणि डाग कुठे कुठे आलेत ते बघा. पाच-सहा भांडी शेजारी आली की एकट्या भांड्यात न दिसणारी गोष्ट दिसायला लागते.

डाग आतल्या कोपऱ्यात असेल, म्हणजे भिंत आणि बूड जिथे मिळतात तिथे, किंवा मगच्या कानाच्या सांध्यात, तर थर जाड झालाय. अशा खोलगट जागी ग्लेझ साचतं. जाड थर सुकताना जास्त ओढला जातो, आणि कोपऱ्यात तो दोन दिशांनी ओढला जातो, म्हणून चीर तिथेच आधी पडते. सुकलेल्या थरात सुईने मातीपर्यंत ओरखडा काढा आणि जाडी बघा. बहुतेक ग्लेझना अर्धा ते एक मिलिमीटर पुरतो. कोपऱ्यात दोन मिलिमीटर भरत असेल तर कारण सापडलं.

इथे बहुतेक जण बादलीत पाणी ओततात. थांबा, आधी वजन करा. १०० मिलिलिटर ग्लेझ नीट ढवळून मोजून घ्या; बिनसुईची मोठी सिरिंज यासाठी फार सोयीची पडते. बुडवण्याच्या ग्लेझचं वजन साधारण १४० ते १५० ग्रॅम भरायला हवं, म्हणजे सापेक्ष घनता १.४ ते १.५. वजन १६० आलं तर पाणी खरंच कमी आहे, घाला. पण वजन १३८ आहे आणि तरीही ग्लेझ हाताला दाट लागतंय, असंही होतं. अशा वेळी पाणी आधीच जास्त आहे. आतले कण एकमेकांना धरून बसल्यामुळे ते दाट वाटतंय. त्यात आणखी पाणी ओतलंत तर ते सगळं पाणी बिस्क पिणार, थर उशिरा सुकणार, जास्त आकसणार आणि चिरणार. क्रॉलिंग घालवण्यासाठी केलेला उपायच क्रॉलिंग वाढवतो तो असा. अशा बादलीला सोडियम सिलिकेटचे एक-दोन थेंब पुरतात, ग्लेझ सैल होतं. एकेक थेंब घालून, ढवळून बघत जा. मग वर आलेलं जादा पाणी दुसऱ्या दिवशी काढून टाकता येतं.

याच्या उलटही घडतं. काही ग्लेझमधला नेफेलिन सायनाइट नावाचा दळलेला खडक किंवा एखादं फ्रिट (आधीच वितळवून दळलेली काच) पाण्यात थोडं थोडं विरघळतं आणि महिनाभर पडून राहिलेली बादली पातळ वाटायला लागते, वजन मात्र १५५. हातावरून अंदाज घेणारा माणूस म्हणतो, पातळ झालंय, जरा जास्त वेळ बुडवू. थर जाड होतो, ओघळतो, कोपऱ्यात साचतो. तिथे आधी पाणी घालून वजन जागेवर आणायचं, आणि मग चिमूटभर एप्सम सॉल्ट गरम पाण्यात विरघळवून थेंबाथेंबाने घालायचं, म्हणजे ग्लेझला पुन्हा अंग येतं. वजन आणि दाटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एकदा हाताला कळलं की ग्लेझिंगमधल्या निम्म्या तक्रारी मिटतात.

बुडवण्याचा वेळही तोंडाने मोजा. तीन सेकंद म्हणजे तीन सेकंद. वाडगा बाहेर काढल्यावर उलटा धरून हलका झटका द्या, म्हणजे बुडाच्या कोपऱ्यात ग्लेझ थांबत नाही.

डाग बाहेरच्या अंगाला, एका बाजूला एक आणि समोर दोन-तीन, असे आलेत? तिथे भांडं आपल्या हातात धरून बघा. अंगठा आणि बोटं बरोबर त्या डागांवर बसली, तर दोष हाताच्या तेलाचा आहे. हाताला क्रीम लावून बिस्क उचललं तरी एवढं पुरतं. तेलकट जागेवर मातीने पाणी ओढलंच नाही, तर ग्लेझ तिथे नुसतं टेकून राहतं, चिकटत नाही. धुळीचंही तसंच. विशेषतः बिस्क कागदाने घासलं असेल तर त्याची पीठासारखी धूळ छिद्रांत बसते आणि ग्लेझ मातीऐवजी धुळीवर बसतं. ओल्या स्पंजने पुसा किंवा नळाखाली धुवा. धुतल्यावर मात्र रात्रभर सुकू द्या, कारण ओलं बिस्क ग्लेझ ओढत नाही आणि मग वेगळाच त्रास सुरू होतो. घासायचंच असेल तर ओलं ठेवून घासा. या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात जाता कामा नये, मास्क लावल्याशिवाय कोरडं घासू नका.

ग्लेझ बसू नये म्हणून पायाला लावतात त्या मेणाचा थेंब पडला असेल तर तो पुसून जात नाही. वरचं खरवडलं तरी खालचं मातीत मुरलेलं असतं. ते भांडं पुन्हा बिस्कच्या भट्टीत जाऊ द्या, मेण जळून जाईल.

डाग दोन ग्लेझ एकमेकांवर येतात त्या पट्ट्यात असतील, तर गोष्ट उघड आहे: दुसऱ्या थराने पहिल्याला भिजवलं. कोरडा थर पुन्हा भिजला की फुगतो, पकड सोडतो, आणि वरचा थर सुकताना आकसून त्याला बरोबर ओढून घेतो. वरच्या ग्लेझमध्ये चिनीमाती जास्त असेल तर ओढ आणखी मोठी. खालच्या ग्लेझमध्ये थोडा सीएमसी गोंद घातला की तो थर दुसरी बुडवणी सोसतो. गोंदाने सुकायला वेळ जास्त लागतो, तो द्यायला हवा. अंडरग्लेझने, म्हणजे ग्लेझखाली लावायच्या रंगाने, केलेल्या नक्षीवरच ग्लेझ सरकत असेल तर रंग जाड लागलाय. पातळ हात द्या आणि शक्य असेल तर नक्षी बिस्कमध्येच भाजून पक्की करा.

पातळ भिंतीची भांडी आतून आणि बाहेरून लागोपाठ ग्लेझ केली की भिंत पाण्याने तुडुंब होते. बाहेरचा थर ओढून घ्यायला मातीत जागाच उरत नाही. आतून ग्लेझ करा, काही तास जाऊ द्या, मग बाहेरून.

सगळीकडेच सरकत असेल तर

एखादा कोपरा किंवा एखादा ठसा न राहता जवळपास सगळ्याच भांड्यांवर, सपाट भागावरही डाग येत असतील, तर रेसिपीकडे वळा. इथे मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण लोक चालू रेसिपी टाकून नवी शोधत बसतात आणि दुरुस्ती मात्र अनेकदा एका घटकात असते.

आधी चिनीमातीचा आकडा बघा. कच्ची चिनीमाती, म्हणजे केओलिन, ग्लेझला पाण्यात तरंगत ठेवते आणि सुकल्यावर थराला बळ देते. पण ती सुकताना आकसते. बॉल क्ले त्याहून बारीक, ती त्याहून जास्त आकसते. रेसिपीत कच्ची चिनीमाती २० टक्क्यांच्या बरीच वर गेली की थर चिरण्याची शक्यता वाढत जाते. उपाय सोपा आहे. त्यातली अर्धी चिनीमाती भाजून वापरायची. बिस्क केलेल्या वाडग्यात कोरडी चिनीमाती भरा, ७०० अंश सेल्सियसच्या आसपास तापवा आणि अर्धा-एक तास तिथेच थोपवा. तिच्या रचनेतलं पाणी निघून जातं आणि ती पुन्हा मातीसारखी फुगत-आकसत नाही. हे पाणी तिच्या वजनाच्या सुमारे १४ टक्के असतं, म्हणून १०० ग्रॅम कच्च्या चिनीमातीच्या जागी ८६ ग्रॅम भाजलेली घ्या. रसायन तेच राहतं, वितळणं तेच राहतं, रंग तोच येतो. फक्त आकसणं कमी होतं.

सगळीच भाजून टाकायचा मोह मात्र टाळा. कच्ची माती अजिबात नसलेलं ग्लेझ बादलीच्या तळाशी दगडासारखं बसतं, आणि भांड्यावर सुकलं की खडूच्या भुकटीसारखं बोटाला लागतं. असा भुसभुशीत थर भट्टीत ठेवताना नुसत्या धक्क्याने सुटतो, आणि तिथेही ग्लेझ सरकतं. त्यामुळे माती फार झाली तरी त्रास, फार कमी झाली तरी त्रास. कमी मातीच्या ग्लेझला २ टक्के बेंटोनाइट (एक अतिबारीक माती) उपयोगी पडतं. ते कोरडं असतानाच बाकीच्या पावडरींत मिसळा, थेट पाण्यात टाकलंत तर त्याच्या गुठळ्या होतील. ३ टक्क्यांच्या वर नेऊ नका, कारण बेंटोनाइट स्वतः प्रचंड आकसतं.

चिनीमाती बेताची असूनही सरकत असेल तर झिंक ऑक्साइड, मॅग्नेशियम कार्बोनेट, टिन ऑक्साइड आणि झिरकोनियमची पांढरी पावडर यांपैकी काय आहे ते पाहा. कच्चं झिंक फार बारीक असतं आणि सुकताना थर ओढतं, भाजलेलं झिंक घ्या. मॅग्नेशियम कार्बोनेट इतकं हमखास सरकवतं की दगडफुलासारखा खवल्यांचा पोत हवा असणारे कलाकार ते मुद्दाम भरपूर घालतात. टिन आणि झिरकोनियम यांची तऱ्हा निराळी. त्यांनी वितळलेलं ग्लेझ घट्ट होतं, त्यामुळे एकदा पडलेली फट भरून येत नाही. एकाच मूळ ग्लेझच्या दोन बादल्या असतात, एक पारदर्शक आणि एक पांढरी. चीर दोन्हींना पडते, पण पारदर्शक ग्लेझ वितळून ती बुजवतं आणि पांढरं तिथून मागे हटतं. म्हणून दोष पांढऱ्यावर येतो. पांढऱ्या ग्लेझचा थर लावताना, सुकवताना दुप्पट काळजी घ्यावी लागते ती यामुळे. रेसिपीत बोरॉन असलेलं फ्रिट थोडं वाढवलं तर वितळ सैल होते आणि फटी भरून यायला मदत होते. पण मग ग्लेझ ओघळतंय का हेही बघावं लागतं.

आणखी एक खूण शेल्फवर सापडते. भांड्याच्या पायाशी ग्लेझचे वितळलेले कण सांडलेले असतील, तर थर वितळण्याच्या आधीच उडून पडला होता. कोलेमनाइट हे बोरॉनचं खनिज असलेल्या ग्लेझमध्ये हे होतं, त्यातलं पाणी तापताना एकाएकी बाहेर पडतं आणि कण अक्षरशः उड्या मारतात. त्याच्या जागी बोरॉनचं फ्रिट आणा. कोलेमनाइट नसेल तर भांडी ओली असताना भट्टीत गेली आहेत. वाफ थर उचलते. भट्टीचा दोष म्हणता येईल अशी ही एकच जागा, आणि उपायही तसाच: ९० अंशांवर तासभर थोपवा, मग पुढे चढवा.

बिस्क किती भाजलंय यालाही महत्त्व आहे. कोन ०६ ते ०४, म्हणजे साधारण १००० ते १०६० अंश, ही बहुतेक मातींसाठी चांगली जागा. त्याच्या बरंच खाली भाजलेलं बिस्क पाणी फार वेगाने ओढतं आणि दोन सेकंदांत जाड थर बसतो. फार वर भाजलेलं बिस्क पाणी ओढतच नाही.

भट्टी लावण्याआधीची दहा मिनिटं

माझा सगळ्यात जास्त भरवसा यावर आहे. ग्लेझ पूर्ण सुकल्यावर प्रत्येक भांडं खिडकीजवळ न्या आणि प्रकाश भिंतीवर तिरका पडेल असं धरा. समोरून बघितलं तर सगळा थर एकसारखा मॅट पांढरा दिसतो, काही कळत नाही. भांडं हळूहळू फिरवा. एका कोनात आतल्या कोपऱ्याजवळ केसाहून बारीक सावली उमटते, तीच चीर. भिंग असेल तर उत्तम. आता चिरेची कड बघा. कड सपाट असेल, दोन्ही बाजू मातीला टेकलेल्या असतील, तर कोरड्या बोटाने गोल गोल चोळून भुकटी त्या फटीत बसवा. ती बुजते आणि भट्टीतून भांडं बिनडाग निघतं. मास्क इथेही हवा. पण कड किंचित वर उचललेली असेल, नखाने हलकं टोकरल्यावर पापुद्रा खवल्यासारखा सुटत असेल, तर चोळण्यात अर्थ नाही. तिथली पकड गेलेली आहे. सगळं ग्लेझ धुऊन टाका, भांडं दिवसभर सुकवा आणि पुन्हा बुडवा. धुवायला जीवावर येतं, मान्य आहे, पण भट्टीतून सरकून आलेलं भांडं दुरुस्त करण्यापेक्षा हे काम कितीतरी सोपं आहे.

कारण नक्की कळत नसेल तर चाचणीसाठी सपाट फरशी वापरू नका. सपाट फरशीवर क्रॉलिंग क्वचितच दिसतं. मातीच्या पट्ट्या काटकोनात वाकवा, म्हणजे आतला कोपरा तयार होईल. एक पट्टी नेहमीसारखी, एक धुऊन सुकवलेली, एक कमी वेळ बुडवलेली, एक अर्धी चिनीमाती भाजून केलेल्या ग्लेझची. एकेका पट्टीत एकच गोष्ट बदला आणि मागे लोखंडी ऑक्साइडने खूण लिहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की दोष गेला तरी कशाने गेला ते कळत नाही, आणि तो परत येतो.

सरकलेलं ग्लेझ नेहमीच दोष मानलं गेलंय असं नाही. जपानच्या चहाविधीत कोरियातून आलेल्या इदो वाडग्यांना मोठा मान आहे. त्यांच्या पायाजवळ, जिथे माती खरवडून खडबडीत झालेली असते, तिथे ग्लेझ थेंबाथेंबांत गोळा झालेलं असतं. जाणकार त्याला काइरागी म्हणतात आणि आवर्जून बघतात. क्योतोच्या दाइतोकु-जी मंदिरसंकुलातला किझाएमोन नावाचा असाच एक इदो वाडगा जपानची राष्ट्रीय ठेव म्हणून घोषित आहे. बाहेरच्या पायाशी, खडबडीत मातीवर, जाणूनबुजून येऊ दिलेलं क्रॉलिंग मलाही आवडतं. ज्या भांड्यात जेवायचं त्याच्या आत मात्र नको. उघडी माती अन्नाचा अंश धरून ठेवते आणि नीट धुतली जात नाही.

भाजून निघालेल्या भांड्याचं काय करायचं

आधी धारदार कडा पाणी लावून हिऱ्याच्या पॅडने किंवा सिलिकॉन कार्बाइडच्या दगडाने घासून बोथट करा आणि भांडं स्वच्छ धुवा. भाजलेली माती आता पाणी फारसं ओढत नाही, म्हणून भांडं हाताला चटका बसेल इतपत तापवून घ्या. दाट केलेल्या ग्लेझमध्ये थोडा सीएमसी मिसळून ते ब्रशने फक्त उघड्या जागेवर टेकवा. गरम भांड्यावर ते लगेच सुकतं. मग त्याच कोनवर किंवा एक पायरी खाली पुन्हा भाजा.

सैल वितळणारं, चकचकीत ग्लेझ असेल तर बऱ्याचदा जागा भरून येते, ठिगळाचा रंग किंचित वेगळा दिसला तरी. घट्ट पांढऱ्या ग्लेझवर हा उपाय अनेकदा फसतो, तिथे तेच ग्लेझ पुन्हा त्याच जागेवरून मागे सरतं. अशा डागात त्याच जातीचं पण बोरॉन जास्त असलेलं ग्लेझ भरून बघा. तेही सरकलं तर तिसऱ्यांदा भाजू नका. प्रत्येक भाजणीत माती आणखी आवळते, भांड्याचा आकार बिघडतो आणि शेल्फवर चिकटण्याचा धोका वाढतो. त्याऐवजी ते भांडं फोडा आणि डागाजवळचा तुकडा ठेवून घ्या. थराची जाडी, मातीची पकड, कडेचा फुगवटा हे सगळं त्या तुटलेल्या कडेवर आडव्या छेदात दिसतं, आणि बादलीत काय दुरुस्त करायचं ते त्यावरून ठरवता येतं.